शॅडो स्टॅकचा कर्नल कोड तपासताना: न बदललेल्या ओळी आधी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नागपुरात, मिहानमधल्या एका एम्बेडेड टीममध्ये आहेत. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीची यूजर शॅडो स्टॅकची (फंक्शनांच्या परतीच्या पत्त्यांची वेगळी, सुरक्षित प्रत) पॅच मालिका, म्हणजे कोडमधल्या बदलांचा संच, टीमच्या जुन्या कर्नलमध्ये आणायची आहे आणि ती तपासून द्यायचं काम त्यांच्याकडे आलंय. सी चांगलं येतं, ड्रायव्हर लिहिलेले आहेत, पण मेमरी मॅनेजमेंट आणि आर्किटेक्चरच्या कोडला आजवर हात लावलेला नाही. असं हार्डवेअरही हाताशी नाही. ते लिहितात, "प्रत्येक पॅच वाचतो आणि प्रत्येक बरोबरच वाटतो. मग मी तपासलं तरी काय?" शेवटी विचारलंय की इथे बसून, कोणी ओळखीचं नसताना, अशा पॅचवर रिव्ह्यूड-बाय ('मी हे तपासलं' अशी नावासह नोंद) देणं योग्य ठरेल का.

मीही नागपुरातच बसून आर्किटेक्चरचा कोड तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रत्येक पॅच बरोबर वाटतो यात तुमचं काही कमी पडत नाही. अशा मालिकेत नवीन लिहिलेला कोड बहुतेक वेळा बरोबरच असतो, कारण लिहिणाऱ्याने त्यावर महिनोन् महिने घालवलेले असतात. चूक लपते ती न बदललेल्या ओळींमध्ये. तो जुना कोड काही गोष्टी गृहीत धरून लिहिलेला आहे आणि शॅडो स्टॅक नेमकी तीच गृहीतकं मोडतो. डिफमध्ये, म्हणजे फक्त झालेले बदल दाखवणाऱ्या यादीत, या ओळी दिसतच नाहीत. म्हणून मी डिफ उघडण्याआधी गृहीतकांची यादी करतो आणि मग प्रत्येक गृहीतक कर्नलमध्ये कुठे कुठे वापरलंय ते शोधत जातो.

आधी एक खुलासा. लिनक्समध्ये शॅडो स्टॅक या नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सॉफ्टवेअरची: क्लँग कंपायलर कर्नलच्या स्वतःच्या फंक्शनांचे परतीचे पत्ते वेगळ्या जागी ठेवतो. आर्म-६४ वर ती ५.८ पासून आहे. दुसरी हार्डवेअरची, यूजर प्रोग्रामसाठी. इंटेल-एएमडीवरचा यूजर शॅडो स्टॅक २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीत आला, आर्म-६४ चा ६.१३ मध्ये. रिस्क-फाइव्हवर यासाठी झिकफिस हे एक्स्टेन्शन आहे. तुमची मालिका या दुसऱ्या प्रकारची आहे. पुढचं सगळं त्याबद्दल.

तुमचा प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४, ह्यूज पेज (मेमरीची मोठी पानं) चालू आहेत का, मूळ कर्नल ६.६ च्या आधीचा आहे की नंतरचा, यावर बरंच काही ठरतं. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जिथे फरक पडतो तिथे सांगत जातो.

सगळ्यात जास्त वेळ पेज टेबलला, म्हणजे मेमरीच्या पानांचे पत्ते आणि परवानग्या ठेवणाऱ्या तक्त्याला, द्या. शॅडो स्टॅकच्या पानावर साध्या स्टोअर इन्स्ट्रक्शनने लिहिता येऊ नये, फक्त खास इन्स्ट्रक्शननी लिहिता यावं, ही मूळ गरज. यासाठी पेज टेबलच्या नोंदीत वेगळा प्रकार लागतो, पण तिथे मोकळे बिट फारसे नसतात. म्हणून प्रत्येक आर्किटेक्चरने आजवर निरर्थक समजलं जाणारं एखादं कॉम्बिनेशन उचललं. इंटेलने 'राइट शून्य, डर्टी एक' घेतलं (डर्टी म्हणजे पानावर लिहिलं गेलंय ही खूण). रिस्क-फाइव्हने 'रीड शून्य, राइट एक, एक्झिक्यूट शून्य' घेतलं, जे आधी राखीव होतं. आर्मने परवानग्या वेगळ्या रजिस्टरमधल्या तक्त्यातून घेण्याची सोय वापरली, त्यामुळे त्यांना हा त्रास कमी झाला.

आता इंटेलचं बघा. फोर्क झाला, म्हणजे प्रोसेसची प्रत निघाली, की कर्नल पानांचा राइट बिट काढतो, म्हणजे पुढे कोणी लिहिलं की कॉपी करता येईल. पान डर्टी असेल तर काय उरलं? राइट शून्य, डर्टी एक. म्हणजे साधं डेटाचं पान नकळत शॅडो स्टॅकचं पान होऊन बसलं! ही नोंद कर्नलमध्ये वर्षानुवर्षं बिनधास्त तयार होत होती, कारण तिला काही अर्थच नव्हता. उपाय म्हणून राइट बिट काढताना डर्टी बिट एका सॉफ्टवेअर बिटमध्ये हलवावा लागला. राइट-प्रोटेक्ट करणारी जुनी फंक्शनं उघडून पाहिल्याशिवाय हा धोका डिफमधून कधीच दिसला नसता.

रिस्क-फाइव्हवर याचंच भावंड आहे आणि तुम्ही ते स्वतः कागदावर करून बघा. आमच्याकडे नवीन माणूस आला की मी व्हाइटबोर्डवर आर, डब्ल्यू, एक्स असे तीन रकाने काढायला लावतो आणि प्रत्येक हेल्पर फंक्शन त्यावर चालवायला सांगतो. शॅडो स्टॅकचं पान: ०, १, ०. फोर्क झाला, जुन्या कोडने फक्त डब्ल्यू काढला: ०, ०, ०. व्हॅलिड बिट मात्र अजून एक आहे. रिस्क-फाइव्हमध्ये व्हॅलिड नोंदीत तिन्ही शून्य याचा अर्थ 'हे पान नव्हे, पुढच्या टेबलाकडे जाणारा पॉइंटर'. शेवटच्या लेव्हलवर पुढचं टेबलच नाही, त्यामुळे पेज फॉल्ट येईल. पण ह्यूज पेजची नोंद असेल तर कर्नलचा स्वतःचा वॉक करणारा कोड तिला लीफ, म्हणजे प्रत्यक्ष पानाची नोंद, मानणार नाही आणि परतीच्या पत्त्यांनी भरलेलं पान पेज टेबल समजून वाचायला जाईल. म्हणून डब्ल्यू काढताना आर लावलाच पाहिजे: ०, १, ० वरून थेट १, ०, ०.

आता यातून पुढचा प्रश्न निघतो आणि खरा रिव्ह्यू इथे सुरू होतो. जुनं फंक्शन 'एक बिट काढ' हे एका अखंड (अ‍ॅटॉमिक) क्रियेत, साध्या अँडने करत होतं. आता एक काढायचा आणि दुसरा लावायचा. मधल्या क्षणी हार्डवेअर त्याच नोंदीत अ‍ॅक्सेस्ड किंवा डर्टी बिट लावू शकतं. तेव्हा इथे कम्पेअर-एक्स्चेंजचा (नोंद मध्येच बदललेली नसेल तरच लिहिणारा) लूप हवा. आधी वाचून मग सरळ लिहून टाकलं असेल तर हार्डवेअरने लावलेला डर्टी बिट पुसला जाईल आणि कधीतरी, महिन्यांनी, एखाद्या पानातला डेटा हरवेल. अशी चूक चाचणीत सापडणं जवळपास अशक्य, वाचूनच सापडते.

०, ०, ० चं आणखी एक लक्षण सांगतो, कारण ते फसवं आहे. शेवटच्या लेव्हलवर अशी नोंद राहिली आणि एखाद्या अनवाइंडरने (फंक्शन-कॉलचा माग काढणाऱ्या कोडने) साध्या लोडने ते पान वाचलं, तर लोड पेज फॉल्ट येतो. कर्नलला नोंद हजर दिसते, फॉल्ट लिहिण्याचा नाही, म्हणजे दुरुस्त करण्यासारखं काही दिसत नाही. तो परत जातो, पुन्हा फॉल्ट येतो. प्रोसेस क्रॅश होत नाही, सीपीयू खात फिरत राहते. पोर्टिंगनंतर असं दिसलं तर शेड्युलरमागे लागू नका, आधी हे तीन बिट बघा.

आता यादीतलं गृहीतक मोठं करून घ्या: 'राइट आहे म्हणजे रीड आहेच.' हे धरून चालणारी प्रत्येक जागा शोधा. नोंद लीफ आहे का हे फक्त रीड बिटवरून कोण ठरवतं? एमप्रोटेक्टमध्ये जुनी परवानगी नव्या परवानगीत बदलताना काय होतं? यूजरने एममॅपला (मेमरी मागणारा कॉल) फक्त प्रोट-राइट, म्हणजे नुसती लिहिण्याची परवानगी, मागितली तर काय तयार होतं? ०, १, ० हे कॉम्बिनेशन शॅडो स्टॅकच्या मॅपिंगखेरीज कुठूनही तयार होता कामा नये. साध्या मागणीला रीड-राइट दोन्ही मिळायला हवेत.

जुन्या कर्नलचा मुद्दाही इथेच येतो. ६.६ मध्ये इंटेलच्या कामासोबत 'नोंद लिहिण्याजोगी कर' या कॉमन हेल्परला व्हीएमए (प्रोसेसच्या मेमरीच्या एका सलग भागाची नोंद) हा दुसरा आर्ग्युमेंट मिळाला. नोंद साधी लिहिण्याजोगी करायची की शॅडो स्टॅकची, हे व्हीएमए बघितल्याशिवाय कळतच नाही. तुमचा कर्नल ६.१ असेल तर हा बदल त्यात नाही. मालिकेतल्या रिस्क-फाइव्हच्या पॅचना तो बदल आधीच झालेला अपेक्षित आहे. कोणीतरी घाईत हेल्पर जुन्याच रूपात ठेवून बाकी जुळवून घेतलं, तर कोड कंपाइल होईल, आणि कॉपी-ऑन-राइटनंतर शॅडो स्टॅकचं पान १, १, ० होऊन येईल. म्हणजे कोणालाही लिहिता येणारं साधं पान! प्रोग्राम पुढच्या पुशवर अ‍ॅक्सेस फॉल्ट घेऊन मरेल, हे त्यातल्या त्यात बरं. बॅकपोर्टमध्ये सर्वात आधी हीच जागा बघा.

एक जागा अशी आहे जिथे इंटेलचा कोड शेजारी ठेवून वाचणारा रिव्ह्यूअर हमखास अडतो. इंटेलच्या पेज फॉल्टमध्ये हार्डवेअर वेगळा बिट देऊन सांगतं की हा अ‍ॅक्सेस शॅडो स्टॅकचा होता. त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी तपासणी आहे: शॅडो अ‍ॅक्सेस साध्या व्हीएमएवर नको, साधं लिहिणं शॅडो व्हीएमएवर नको. रिस्क-फाइव्हच्या फॉल्ट हँडलरमध्ये दुसरी तपासणी शोधाल तर सापडणार नाही आणि 'हे राहिलं' असं लिहावंसं वाटेल. थांबा. पान हजर नसेल तेव्हा साधा स्टोअर आणि एसएसपुश (शॅडो स्टॅकवर पत्ता ठेवणारी इन्स्ट्रक्शन) दोन्ही एकसारखाच स्टोअर पेज फॉल्ट देतात; कर्नलला फरक कळत नाही. कर्नल पान आणून ठेवतो, इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते, आणि साधा स्टोअर असेल तर आता स्टोअर अ‍ॅक्सेस फॉल्ट येतो. पेज फॉल्ट आणि अ‍ॅक्सेस फॉल्ट हे वेगवेगळे ट्रॅप (प्रोसेसर थांबून कर्नलकडे जातो त्या वाटा) आहेत. संरक्षण आहे, फक्त ते दुसऱ्या दारात उभं आहे.

मग ते दुसरं दार तपासा, आणि तेही डिफमध्ये नाही. समजा प्रोग्रामने रीड सिस्टम कॉलला बफर म्हणून स्वतःच्या शॅडो स्टॅकचा पत्ता दिला. कर्नल साध्या स्टोअरने तिथे कॉपी करायला जाईल आणि कर्नल मोडमध्येच स्टोअर अ‍ॅक्सेस फॉल्ट येईल. अपेक्षित उत्तर ईफॉल्ट ('पत्ता चुकीचा' हा एरर) आहे, कर्नल ऊप्स (कर्नलचाच क्रॅश) नाही. म्हणजे अ‍ॅक्सेस फॉल्टच्या हँडलरने एक्सेप्शन टेबल (कुठल्या ओळीवर फॉल्ट आला तर कुठे जायचं याची यादी) बघून फिक्सअप केलं पाहिजे. तुमच्या व्हेंडर कर्नलमध्ये कोणी ट्रॅपच्या कोडमध्ये फेरफार केले असतील तर ही वाट चालते का ते वाचून बघा आणि दहा ओळींची चाचणीही लिहा. कर्नलला स्वतःला जेव्हा यूजरच्या शॅडो स्टॅकवर लिहायचं असतं तेव्हा तो एसएसअमोस्वॅप ही खास इन्स्ट्रक्शन वापरतो. मालिकेतला असा प्रत्येक वापर एक्सेप्शन टेबलमध्ये नोंदवलेला आहे ना, हे बघा.

चुका सापडण्याची दुसरी मोठी जागा सिग्नल. सिग्नल आला की कर्नल यूजरच्या स्टॅकवर फ्रेम मांडतो आणि सिगरिटर्नला (सिग्नल हाताळून परतताना) ती परत वाचतो. ही फ्रेम यूजरला लिहिता येते. शॅडो स्टॅक पॉइंटर जर याच फ्रेममधून डोळे झाकून परत घेतला, तर हल्लेखोर खोटी फ्रेम मांडून तो हवा तिथे वळवेल आणि सगळी मेहनत वाया जाईल. म्हणून कर्नल शॅडो स्टॅकवरच एक टोकन ठेवतो, ज्यात जुना पॉइंटर असतो, आणि परत येताना ते टोकन तपासून काढून घेतो. रिव्ह्यू करताना विचारायचं: टोकन वाचलं ती जागा खरोखर शॅडो स्टॅकचीच आहे हे कशावरून? टोकन परतीच्या खऱ्या पत्त्यासारखं दिसू शकतं का? इंटेलने सिग्नलच्या टोकनात ६३ वा बिट लावला, कारण यूजरच्या कुठल्याही पत्त्यात तो नसतो. तुमच्या मालिकेत वेगळेपण कशाने येतं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर तोच तुमचा पहिला प्रश्न.

गार्ड पानाचं गणितही इथेच करा. इंटेलवर पॉइंटर पुढे सरकवणारी इन्स्ट्रक्शन एका वेळी जास्तीत जास्त २५५ घरं, म्हणजे ६४ बिटांत २०४० बाइट सरकवते आणि सरकवताना टोकांच्या घरांना स्पर्श करते. ४०९६ बाइटचं एक रिकामं पान मध्ये असलं की एका थ्रेडच्या शॅडो स्टॅकवरून उडी मारून दुसऱ्याच्या शॅडो स्टॅकवर जाता येत नाही. रिस्क-फाइव्हवर पॉइंटर हा सीएसआर (प्रोसेसरचं खास रजिस्टर) आहे आणि यूजरला तो थेट लिहिता येतो, त्यामुळे हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे संरक्षण कशावर उभं आहे ते वेगळं मांडावं लागतं. इंटेलवरून उचललेली कॉमेंट रिस्क-फाइव्हच्या कोडमध्ये दिसली तर ती इथे खरी आहे का हे विचारायला संकोचू नका.

थ्रेड आणि फोर्कचा भाग तुलनेने सरळ आहे. मेमरी शेअर करणाऱ्या नव्या थ्रेडला नवा शॅडो स्टॅक, साध्या फोर्कला कॉपी-ऑन-राइटने आपोआप, आणि व्हीफोर्कला (जिथे मूल पालकाचीच मेमरी वापरतं) पालकाचाच. व्हीफोर्कचं मूल मेल्यावर पालकाचा स्टॅक अनमॅप होत नाही ना आणि क्लोन अर्ध्यात फसला तर नवा स्टॅक मोकळा होतो ना, या दोन वाटा हाताने चालून बघा. ट्रॅप एंट्रीला पॉइंटर सेव्ह होणं आणि परत जाताना रिस्टोअर होणं हा असेंब्लीचा भाग छोटा आहे. फक्त एक्स्टेन्शन नसलेल्या चिपवर ते सीएसआर वाचलं जात नाही याची खात्री करा, नाहीतर पहिल्याच ट्रॅपला बूट थांबेल.

व्हीडीएसओ, म्हणजे कर्नल प्रत्येक प्रोग्राममध्ये मॅप करतो तो छोटा कोड, विसरू नका. एसएसपुश आणि एसएसपॉपचेक या इन्स्ट्रक्शन 'मे-बी ऑपरेशन' म्हणून राखलेल्या जागेत बसवल्या आहेत. शॅडो स्टॅक बंद असेल तर त्या निरुपद्रवी ठरतात, पण चिपमध्ये झिमॉप (या राखीव जागेचं एक्स्टेन्शन) असेल तरच. झिमॉपही नसलेल्या जुन्या चिपवर त्या इलिगल इन्स्ट्रक्शन ठरू शकतात. तुमची टीम एकच कर्नल इमेज जुन्या आणि नव्या दोन्ही बोर्डांवर चालवणार असेल, तर यूजर प्रोग्राममध्ये मॅप होणारा व्हीडीएसओ कुठल्या पर्यायांनी कंपाइल होतो आणि चिप बघून निवडला जातो का, हे तपासायलाच हवं.

चाचणीबद्दल. हार्डवेअर नसलं तरी क्यूएमयूमध्ये (प्रोसेसरची सॉफ्टवेअरमधली नक्कल) झिकफिस चालतं आणि मालिकेसोबत सेल्फटेस्ट येतात. त्या चालवाच, पण क्यूएमयूने मेमरी ऑर्डरिंगच्या चुका पकडल्या जातील असं धरू नका. स्वतःची चाचणी लिहाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा: शॅडो स्टॅक चालू करणारा पीआरसीटीएल कॉल लायब्ररीच्या फंक्शनमधून केला आणि लायब्ररी शॅडो स्टॅकसाठी कंपाइल केलेली असली, तर त्या फंक्शनच्या सुरुवातीचा पुश वाया गेलेला असतो आणि शेवटचा पॉपचेक रिकाम्या स्टॅकवर आपटतो. प्रोसेस फॉल्ट घेऊन मरते आणि माणूस कर्नलमध्ये बग शोधत बसतो. सिस्टम कॉल इनलाइन असेंब्लीने करा आणि ज्या फंक्शनमध्ये केला त्यातून परत येऊ नका, थेट एक्झिट करा. मग फोर्क, स्वॅप, एमप्रोटेक्टने रीड-ओन्ली करून परत, ह्यूज पेजचं विभाजन, आणि वर सांगितलेला रीडचा प्रयोग, एवढं तरी चालवा.

राहिला रिव्ह्यूड-बायचा प्रश्न. कर्नलच्या दस्तऐवजातच त्याचा अर्थ दिलाय: मी तांत्रिक तपासणी केली, शंका लेखकाला कळवल्या, उत्तरांनी समाधान झालं, आणि माझ्या माहितीप्रमाणे बदल घेण्याजोगा आहे. कोड निर्दोष आहे अशी हमी त्यात नाही. तो प्रत्येक पॅचला स्वतंत्रपणे देता येतो. तुम्ही पेज टेबलचे पॅच तीन रकाने काढून, प्रत्येक हेल्पर चालवून वाचले असतील, तर त्या पॅचना तो द्या. सिग्नलचा पॅच नुसता नजरेखालून घातला असेल तर देऊ नका. क्यूएमयूवर चालवलं असेल तर टेस्टेड-बाय द्या आणि कशावर चालवलं ते लिहा. नागपूर की बंगळुरू हे कोणी विचारत नाही. मेंटेनर (त्या भागाचा कोड सांभाळणारा) बघतो ते हे, की तुमच्या ईमेलमध्ये नेमकी ओळ आहे का आणि त्या ओळीबद्दल नेमका प्रश्न आहे का. 'मला बरोबर वाटतं' यापेक्षा 'फोर्कनंतर या नोंदीचे तीन बिट १, ०, ० होतात हे तपासलं. ह्यूज पेजच्या फंक्शनमध्ये तसं होताना दिसत नाही, का?' हे वाक्य त्यांना शंभरपट उपयोगाचं आहे. उत्तर 'ते दुसऱ्या फाइलमध्ये आहे' असं आलं तरी बिघडत नाही. पुढच्या वाचणाऱ्यासाठी कमिट मेसेजमध्ये एक ओळ वाढते.

टीममध्ये अजून एखादा माणूस मिळाला तर काम वाटून घ्या: एकाने पेज टेबल, दुसऱ्याने सिग्नल आणि थ्रेड, मग अदलाबदल. दुसऱ्याला बोर्डासमोर उभं राहून समजावताना "हा डब्ल्यू इथे काहून काढला?" असं कोणीतरी विचारतंच, आणि अर्धे प्रश्न तिथेच निघतात. तुमच्या कर्नलची आवृत्ती आणि ह्यूज पेजचं कॉन्फिगरेशन खाली लिहा, ६.६ च्या आधीचा असेल तर कॉमन मेमरी कोडमधले कोणते बदल आधी आणावे लागतील, त्यांचा क्रम मी लावून देतो.